डोळे माझे, वायर तुमची

“हा मोर आहे का ओ बाई? मान बघा ह्याची! कुणी सुरी फिरवल्यासारखी दिसायलीय!”

पुरुषोत्तमशेठनी चादर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली होती. जेवणाची सुट्टी होती, माग बंद होते, त्यामुळे त्यांचा आवाज पार पॅकिंगपर्यंत गेला. चाळीसेक माणसं डबे उघडून बसली होती. मीही माझ्या डब्याचं झाकण नुकतंच काढलं होतं.

चादरीवरच्या मोराच्या मानेत वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी भेग होती. एका धाग्याची. अशा दोनशे चादरी हैदराबादच्या व्यापाऱ्यानं त्या दिवशी परत पाठवल्या होत्या.

“डिझाईन कुणाचं?” शेठनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

“माझं,” मी म्हणाले. “आणि मान चुकलीय हे मलाही दिसतंय. लांबून दिसतंय.”

मी अनसूया सामल. सोलापूरच्या त्या चादरीच्या कारखान्यात तेव्हा मला एकवीस वर्षं झाली होती. काम एकच, डिझाईन काढायचं. आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलनं, मग कॉम्प्युटरवर. त्यात एक ठिपका म्हणजे एक धागा. ठिपका चुकला की धागा चुकला, आणि धागा चुकला की तो प्रत्येक चादरीत चुकतच जातो, मागाला काय अक्कल असते? हे काम मला माझ्या वडिलांनी शिकवलं. राजेशम मास्तर. तेही ह्याच कारखान्यात, शेठच्या वडिलांच्या वेळी, डिझाईन काढायचे. पुढे ते चादरींच्या घड्या घालायला बसले आणि तिथूनच निवृत्त झाले.

“राग मानू नका बाई,” शेठ म्हणाले, आणि आता आवाज मऊ केला. त्यांचा मऊ आवाज मला कधीच आवडला नाही. “पण वय झालं की डोळे जातात. ह्या धंद्यात तर लवकरच जातात. तुमचे डोळे गेलेत. उद्या डॉक्टरकडे जाऊन तपासून या. परवापासून श्रवण कॉम्प्युटरवर बसेल. तुम्ही पॅकिंगला या. पगार तेवढाच राहील.”

श्रवण म्हणजे शेठच्या बहिणीचा मुलगा. चोवीस वर्षांचा, पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला. तो मामाच्या मागे उभा राहून मोबाईल बघत होता.

पगार तेवढाच म्हटल्यावर चार माणसांनी माना डोलावल्या. शेठ किती चांगले, असं त्यांना वाटलं असणार. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली. माझी खुर्ची काढून घ्यायची आणि वर मेहेरबानी दाखवायची! मी डब्याचं झाकण लावलं आणि उभी राहिले.

“मी डॉक्टरकडे जाणार नाही.”

“का?”

“डोळे माझे आहेत. कधी तपासायचे ते मी ठरवीन. आधी तुमचं मशीन तपासा.”

“मशीन नवं आहे ओ बाई! दसऱ्याला सत्तावीस इंची पडदा आणलाय तुमच्यासाठी.”

“तेच म्हणतेय. माझे डोळे दसऱ्यापर्यंत चांगले होते. दसऱ्याला तुमचा पडदा आला आणि डोळे गेले? मुहूर्त बघून जातात होय डोळे?”

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. शेठ लाल झाले. श्रवणनं मोबाईलमधून डोकं वर काढलं.

“काकू, त्या मॉनिटरसारखा मॉनिटर अख्ख्या एरियात कुणाकडे नाही,” तो म्हणाला. “मोठ्या पडद्याची सवय लागायला वेळ लागतो. वयाचा प्रश्न आहे.”

“तुला मी काही विचारलं नाही,” मी म्हणाले.

शेठनी चादर शेजारी उभ्या यल्लप्पामामांच्या अंगावर टाकली. “उद्या दुपारपर्यंत काय सिद्ध करायचंय ते करा. नाहीतर परवा पॅकिंग.”

खरं सांगू? जेवढ्या मोठ्यानं बोलले तेवढीच आतून टरकले होते. कारण गेला महिनाभर मला खरंच नीट दिसत नव्हतं. ठिपके मोठे करून बघितले की ठीक. पण पूर्ण मोर एकदम बघायचा, एका धाग्याला एक ठिपका, म्हणजे चूक आपोआप नजरेला टोचते, तशी टोचतच नव्हती. सगळीकडे धूर. बारीक जाळीचं काम असलं की त्यात पट्टे पडल्यासारखे दिसायचे, एक ठिपका जाड, शेजारचा बारीक. घरी भाजी निवडताना मी मेथीतलं गवत मुद्दाम शोधायची, दिसतंय ना बघायला. ते दिसायचं. पण भीती काही जात नव्हती, आणि ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

दुपारी मी यल्लप्पामामांना कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं. यल्लप्पामामा जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती त्यांच्याकडे. वय साठ. मी पडद्यावर दहा बाय दहाचा चौकोन काढला, एक ठिपका काळा, एक पांढरा, साध्या विणीसारखा.

“मामा, एका ओळीत किती ठिपके आहेत मोजा.”

मामांनी चष्मा कपाळावर नेला, खाली आणला, तोंड पडद्याला लावलं. “अकरा. थांब. नऊ. हे मधलं काय आहे, ठिपका आहे का सावली?”

“दहा आहेत मामा. मी काढलेत. म्हणजे तुम्हालाही दिसत नाही!”

“मला कुठं दिसतंय गं बाई? माझे डोळे तर केव्हाच गेले. मी हातानं माग चालवतो.” असा माझा पहिला साक्षीदार.

मग मी श्रवणकडे गेले. तो ऑफिसात पंख्याखाली बसला होता.

“पडद्याला वायर कुठली लावलीस?”

“कुठली म्हणजे? वायर.”

“नव्या पडद्याच्या खोक्यात वायर आली नव्हती का?”

“होती एक. ती बसेना. ते पोर्टच खराब आहे तुमच्या मशीनचं. मग जुन्या मॉनिटरची होती ती लावली.” तो हसला. “काकू, चित्र येतंय ना? वायर वायरच असते. तुम्ही ह्यात पडू नका, शॉक बसेल.”

शॉक बसेल! ज्या बाईनं एकवीस वर्षं मागांच्या मधून साडी सांभाळत ये-जा केली तिला हा पोरगा शॉकची भीती घालतो.

माझी खोली मागांना लागून होती. कापसाचा भुगा उडून सगळ्या मशीनमध्ये बसतो, म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याची पाठ दाराकडे केलेली होती, आल्यागेल्याला फडकं मारता यावं म्हणून. मी टॉर्च घेतली आणि त्या पाठीसमोर जमिनीवर बसकण मारली. कसली कसली भोकं होती तिथं! नावं वाचून मला काही कळणार नव्हतं. पण मला एक गोष्ट येते. दिसेल ते जसंच्या तसं चौकटीच्या कागदावर उतरवणं.

म्हणून मी ते उतरवलं. प्रत्येक भोकाचा आकार, रुंदी, उंची, आत किती टाचण्या, कुठला कोपरा गोल, कुठला तिरपा. जिथं निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली जुनी वायर बसली होती, ती जागाही वायर उपसून, टाचण्या मोजून काढली. मग पडद्याच्या पाठीमागची भोकं काढली आणि तिथलं लेबलही उतरवून घेतलं. सगळं करायला दीड तास गेला. शेठ दोनदा दारातून डोकावून गेले. बाईचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असेल, वाटू दे.

संध्याकाळी सुटल्यावर घरी न जाता मी नव्या पेठेत गेले. तिथं एका बोळात जब्बारभाईंचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार फूट रुंदीचं, आणि वरून खालून वायरीच वायरी लोंबत होत्या.

“या ताई. काय देऊ?”

“वायर. पडद्याची.”

“कुठली? व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय...”

“मला नावं येत नाहीत. हे बघा.” मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

जब्बारभाईंनी कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग खिशातून चष्मा काढून परत कागद बघितला.

“हे तुम्ही काढलं?”

“हो.”

“या अल्लाह! लोक इथं येऊन म्हणतात, ते भोक असतं बघा लांबडं, तसली वायर द्या. मी दिवसभर डोकं आपटतो. आणि तुम्ही तर टाचण्यासुद्धा मोजून आणल्या!” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “ही निळी, तीन ओळींत पंधरा टाचण्या. ही जुनी वायर. आता हीच लावलीय?”

“हीच.”

“आणि मॉनिटर किती रेषांचा आहे?” त्यांनी माझं लेबल वाचलं आणि कपाळाला हात लावला. “ताई, ह्या पडद्याला आडव्या चौदाशे चाळीस ओळी आहेत. ही जुनी वायर तुमच्या मशीनमधून हजाराच्या आसपास आणते, बस्स. बाकीच्या ओळी पडदा आपल्या मनानं भरतो. अंदाजानं. त्यात ही जुन्या पद्धतीची, चित्र हलकं पुसटच येतं. सिनेमा बघायला चालेल, हिशेब लिहायला चालेल. तुमचं काम काय?”

“एका ठिपक्याला एक धागा.”

“मग संपलंच! पडदा अंदाज मारतोय.”

पडदा अंदाज मारतोय, आणि बिल फाडलं माझ्या डोळ्यांवर! मला एकदम संताप आला आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

“मग बरोबर कुठली?”

त्यांनी माझ्या कागदावरचं एक भोक दाखवलं. लांबट, तीन कोपरे सरळ आणि एक कापलेला. “ही. डिस्प्लेपोर्ट. दोन्हीकडे आहे, मशीनला पण, पडद्याला पण. एका टोकाचा दुसऱ्या टोकाशी मेळ असला पाहिजे, आणि मधे अडॅप्टर बिडॅप्टर काही नको. बरोबर येईल.” मग ते थांबले. “पण हे काय काढलंय तुम्ही आत?”

“कुठं?”

“हे. मशीनच्या पोर्टात. जिभेच्या शेजारी. गव्हासारखं काहीतरी.”

“होतं ते काढलं. लालसर होतं.”

“ताई, ह्या पोर्टात असलं काही नसतं. कंपनी असलं काही घालतच नाही.” त्यांनी एक रिकामं पोर्ट काढून माझ्यापुढे धरलं. खरंच, आत तसं काही नव्हतं. “काहीतरी अडकलंय. म्हणून नवी वायर बसली नसणार. बसवणाऱ्यानं आत बघितलं नाही का?”

“त्याला कशाला बघायचंय? त्याचे डोळे तरणे आहेत.”

जब्बारभाई हसले. “डोळ्यांचं काय झालं?”

“माझे गेलेत म्हणतात शेठ.”

“तुमचे?” त्यांनी कागद उचलून शेजारच्या दुकानदाराला दाखवला, त्यानंही बघितला. “ह्या भोकाच्या आतला एवढासा दाणा टॉर्चच्या उजेडात टिपलात, आणि डोळे गेले? मला भिंग लावून दिसला नसता!”

मी तिथं, भर बाजारात, डोळे पुसले. मेले, पाणी काढायला बरे तयार असतात.

जब्बारभाई भला माणूस. वायर हातात देण्याआधी म्हणाले, “ताई, ही पडद्याच्या खोक्यातच येते. कारखान्यात पडली असेल कुठं तरी. कशाला पैसे घालता?”

“त्या पोराकडे हात पसरायला मी जाणार नाही. द्या तुम्ही.”

घरी आले तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून सदऱ्याला बटण लावत होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असत. आम्ही घरात तेलुगूच बोलतो, पण इथं मराठीतच सांगते.

“उशीर झाला,” ते म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. चादर, मोर, श्रवण, वायर, दाणा. नाना ऐकत राहिले. मधे दोरा संपला तेव्हा त्यांनी नवा दोरा जिभेला लावला आणि एका झटक्यात सुईत ओवला.

“शेठ काय म्हणाले? शब्दाला शब्द सांग.”

“म्हणाले, तुमचे डोळे गेलेत.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

नानांनी बटण पुरं केलं, दोरा दातानं तोडला, आणि ती सुई कागदात टोचून माझ्या हातात दिली. “ही घे. बारीक आहे. दाणा हिनं निघेल. सकाळी लवकर जा.” एवढंच बोलले आणि आत जाऊन आडवे झाले. जेवायला उठवलं तर नको म्हणाले.

सकाळी सातला मी कारखान्यात हजर. पहिली पाळी नुकती लागली होती. यल्लप्पामामांना टॉर्च धरायला उभं केलं. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, आणि सुई आत घातली.

“जपून गं,” मामा म्हणत होते. “आत वीज असते.”

“प्लग माझ्या मांडीवर आहे मामा. टॉर्च हलवू नका.”

तो दाणा सुखासुखी निघेना. वाळून चिकटला होता. पाच मिनिटं खरवडल्यावर एकदाचा सुटला आणि माझ्या तळहातावर पडला. तांदूळ! कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. त्याच्या मागोमाग झेंडूची वाळलेली पाकळी निघाली.

मामांनी ते बघितलं आणि जीभ चावली. “खंडेनवमी,” ते म्हणाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. पूजा करतात त्या अव्वा, म्हणजे शेठच्या आई. वय ब्याऐंशी. मागांना, वजनकाट्याला, टेम्पोला, कॉम्प्युटरलाही हळदकुंकू, फूल आणि ओल्या कुंकवाच्या अक्षता. आणि दारातून आत आलं की समोर दिसायची ती कॉम्प्युटरची पाठ. पंखा, भोकं, मिणमिणणारा हिरवा दिवा. अव्वांना तेच त्याचं तोंड वाटलं असणार. त्यांनी मनोभावे त्या तोंडाला घास भरवला होता. आणि दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, श्रवण नवा पडदा जोडायला बसला. वायर आत जाईना म्हटल्यावर त्यानं वाकूनसुद्धा बघितलं नाही.

नवी वायर कट्कन बसली. मी कॉम्प्युटर लावला, पडद्याच्या ओळी पूर्ण केल्या, आणि मोर उघडला.

काय सांगू तुम्हाला! एकेक ठिपका वेगळा. पिसाऱ्यातली जाळी, पायाची नखं, चोचीचं टोक. आणि मानेतली ती भेग, ती तर उघडल्याबरोबर डोळ्यात घुसली. एक क्षणही लागला नाही. हीच भेग मी महिनाभर ह्याच खुर्चीत बसून बघत होते आणि मला कुणी दिसूच दिली नव्हती. मला रडू फुटलं, पण ते रागाचं होतं. मग नाक पुसलं आणि मान दुरुस्त केली. अकरा ठिपके सरकवायचे होते, दोन मिनिटांचं काम.

नवाच्या सुमाराला शेठ आणि श्रवण आले. मी नुसतं पडद्यावर दहा बाय दहाचा चौकोन ठेवला.

“शेठ, एका ओळीत किती ठिपके?”

“दहा,” ते सहज म्हणाले.

मी जुनी निळी वायर परत लावली आणि तोच चौकोन दाखवला. “आता?”

शेठ वाकले. डोळे बारीक केले. “नऊ... नाही.”

“श्रवण, तू मोज. तू लहान आहेस.”

श्रवणनं मोजलं. “अकरा?”

“आता सांगा, कुणाकुणाला डॉक्टरकडे पाठवायचं?”

मी वायर दाखवली, खोक्यातली कुठं टाकली ते श्रवणला विचारलं, त्यानं मोबाईल काढला. मग मी कागदाच्या पुडीतला दाणा आणि पाकळी शेठच्या तळहातावर ठेवली. हे कुठून निघालं ते यल्लप्पामामांनी सांगितलं. शेठ त्या लाल दाण्याकडे बघतच राहिले. त्यांनी दार लोटून घेतलं.

“बाई, हे अव्वाला कळता कामा नये. तिच्या हातून यंत्र बिघडलं, दोनशे चादरी गेल्या, असं कळलं तर ती चार दिवस अन्नाला शिवणार नाही.”

“अव्वांचं नाव मी घेणार नाही. त्यांनी पूजा केली. पूजेत चूक नसते.”

शेठनी श्वास सोडला. “मोठं मन आहे तुमचं. मग मिटलं. श्रवणला मी बघतो. तुम्ही बसा तुमच्या जागेवर.”

“मिटलं नाही.”

“आता काय राहिलं? चूक झाली, म्हणतो की मी!”

“कुणाला म्हणताय? इथं मी, मामा आणि हा पोरगा. काल चाळीस माणसांत माझे डोळे काढलेत. चाळीस माणसांत परत घाला.”

“बाई, माग चालू आहेत. बाहेर काही ऐकू येणार आहे का कुणाला?”

“मग बंद करा.”

ह्यावर शेठ हसलेच. चालू पाळीत सगळे माग एकदम बंद करणं आमच्याकडे होत नाही. कारखान्यातलं कुणी वारलं तरच होतं.

“हट्टाला पेटू नका,” ते म्हणाले. “एवढं काय त्यात? मी घरी येऊन सांगतो वाटल्यास. मास्तरांच्या समोर सांगतो.”

त्यांनी नानांचं नाव काढलं नसतं तर मी कदाचित तिथं थांबले असते. सांगता येत नाही.

“मास्तर घडी घालायला का बसले, आठवतं तुम्हाला?” मी विचारलं. “तुम्ही पंधरा वर्षांचे होतात. शाळेतून आला होतात, दप्तर होतं पाठीला. तुमच्या वडिलांनी त्यांना मागांच्या मधे उभं केलं आणि म्हणाले, मास्तर, तुमचे डोळे गेले. त्यांचं एक फूल चुकलं होतं. का चुकलं? ह्याच खोलीतली ट्यूब महिनाभर फडफडत होती. नाना सांगत होते, बदला. कुणी बदलली नाही. नाना काही बोलले नाहीत. चौकटीचा कागद गुंडाळला, उठले, आणि जाऊन घडीला बसले. पुढच्या सोमवारी ह्या खोलीत नव्या माणसासाठी नवी ट्यूब लागली. नाना घडी घालता घालता ती बघत होते. वीस वर्षं बघत होते! चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते काल माझ्यासमोर सुईत दोरा ओवत होते, पहिल्या फटक्यात.”

शेठनी वर छताच्या ट्यूबकडे बघितलं. त्यांना आठवत होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

“मी डॉक्टरकडे का गेले नाही, विचारलंत ना काल? म्हणून गेले नाही. मी तपासायला गेले असते, तर डोळे गेलेच असं धरून तुम्ही मला खुर्चीवरून उठवलंच असतंत. आमच्या घरातून एकदा एक माणूस न बोलता उठलाय. दुसऱ्यांदा कुणी उठणार नाही. आता बोलायचं असेल तर बाहेर चला, नाहीतर ही वायर मी काढून घेऊन चालले. ही माझ्या पैशाची आहे.”

यल्लप्पामामांनी शेठकडे बघितलं. शेठनी मान हलवली की नुसती खाली घातली, मला आजही नक्की सांगता येणार नाही. मामांनी मात्र ती हलवली असंच धरलं. ते बाहेर गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

एकेक करत माग थांबले. माणसं जागच्या जागी उभी राहिली. एका बाईनं पदर तोंडाला लावला.

“कोण गेलं?” कुणीतरी विचारलं.

“कुणी गेलं नाही,” शेठ म्हणाले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी घसा साफ केला. “काल मी म्हणालो, सामलबाईंचे डोळे गेले. तसं नाही. डोळे चांगले आहेत. पडद्याला वायर चुकीची लावली होती. आमच्याकडून चूक झाली.”

“आमच्याकडून म्हणजे कुणाकडून?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “माझ्याकडून.”

मला एवढंच हवं होतं. मी वळणार होते. पण शेठ तिथंच उभे होते, आणि त्यांचे हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. मग ते परत बोलले, आणि हे मी मागितलेलं नव्हतं.

“आणि मास्तरांचेही चांगले होते,” ते म्हणाले. “त्यांच्या वेळी दिवा खराब होता.”

शेवटच्या रांगेत आशन्ना म्हणून एक म्हातारा विणकर होता. नानांच्या वेळचा. चाळीस वर्षं मागाजवळ उभा राहून त्याचे कान बसले होते. त्यानं कानामागे हात धरला आणि तिथूनच ओरडला, “कुठले मास्तर? मोठ्यानं बोला की मालक!”

“राजेशम मास्तर!” शेठ ओरडले. “राजेशम सामल मास्तर! त्यांचे डोळे चांगले होते!”

आशन्नानं मान हलवली. यल्लप्पामामांनी स्विच वर करायला मुद्दामच उशीर लावला.